अनुकंपा तत्त्वावरचं चाक

माणसाची खरी परीक्षा चढावर होते. सपाट रस्त्यावर कोणीही मिरवतं. चढ लागला की कळतं, कोणाच्या अंगात किती बळ आहे आणि ते कुठवर पोचतं. ज्याच्या चारही चाकांना एकाच वेळी बळ मिळतं, तो जगात कुठेही अडत नाही आणि कोणापुढेही मान खाली घालत नाही.

हेडक्लार्कांचा हा सिद्धान्त तीन वर्षं आणि अकरा दिवस टिकला. त्यातली तीन वर्षं वॉरंटीची होती.

सिद्धान्ताच्या मुळाशी एक चढ होता. हेडक्लार्कांचे सासरे टेकडीवर राहतात. खालच्या रस्त्यापासून त्यांच्या फाटकापर्यंत दोनशे पावलांचा, सरळ अंगावर येणारा चढ आहे, आणि घराचा व्हरांडा असा बांधलेला आहे की तिथे खुर्ची टाकून बसलेल्याला हा चढ पायथ्यापासून फाटकापर्यंत रंगमंचासारखा दिसतो. सासरकडच्या मंडळींना व्हरांड्यात बसण्याखेरीज दुसरा छंद नाही.

चार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वाढदिवसाला हेडक्लार्क आपल्या छोट्या निळ्या गाडीतून हा चढ चढत होते. शेजारी बायको, मागे बायकोची आत्या, आत्यांच्या मांडीवर केक. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. तिसऱ्या गिअरमध्ये पेट्रोलची सरासरी चांगली पडते, हे हेडक्लार्कांनी नऊ वर्षांच्या नोंदींवरून सिद्ध केलं होतं, आणि एका चढापायी नऊ वर्षांची सरासरी नासवणाऱ्यांपैकी ते नव्हते. चढाच्या बरोबर मध्यावर गाडीने आवंढा गिळल्यासारखं केलं आणि ती थांबली. मग मागे यायला लागली.

व्हरांड्यातून टाळ्या आल्या नाहीत, एवढंच. आले ते धाकटे जावई, म्हणजे हेडक्लार्कांचे साडू, बाह्या सरसावत. त्यांच्यामागे तीन-चार हौशी शेजारी. आत्यांना केकसकट उतरवून कडेच्या दगडावर बसवण्यात आलं. साडू लिफ्ट विकतात, त्यामुळे वर जाणं हा विषय ते आपल्या हक्काचा समजतात. ‘‘साडूभाऊ, तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा. धरलंय असं दाखवा म्हणजे झालं,’’ असं म्हणत त्यांनी थोरल्या जावयाला फाटकापर्यंत ढकलत नेलं. पुढे वर्षभर हेडक्लार्क सासुरवाडीला जायला निघाले की साडूंचा फोन यायचा, ‘‘निघालात का? माणसं उभी करू?’’

वर्ष संपता संपता हेडक्लार्कांनी निळी गाडी जुन्या गाड्यांच्या दलालाला विकली. तिच्या मागच्या डाव्या दाराला बशीएवढा पोचा होता. तो त्यांनी लपवला नाही, उलट त्याची तारीख सांगितली.

मग त्यांनी जी गाडी घेतली ती ऑल-व्हील ड्राइव्ह होती. म्हणजे इंजिनाचं बळ पुढच्या दोन चाकांना तर मिळायचंच, शिवाय गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या एका लांब शाफ्टमधून मागच्या दोन चाकांनाही पोचायचं. गिअर ती आपला आपण बदलायची, हेडक्लार्कांचं मत विचारायची नाही. पहिल्याच खेपेला ती तो चढ असा चढली की व्हरांड्यात साडूंच्या हातातला कप ओठाशी जाता जाता थांबला. त्यानंतर तीन वर्षं ‘माणसं उभी करू?’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. हेडक्लार्क स्वतःशी म्हणायचे, आपण विकत घेतली ती शांतता. गाडी तिच्यासोबत आली.

आता हेडक्लार्कांविषयी थोडं सांगायला हवं. ते एका मोठ्या सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत आहेत. चारशे बारा कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि निवृत्त्या त्यांच्या टेबलावरून जातात, आणि एखादा कागद अर्धवट निघून गेलाच तर तो आपण होऊन परत येतो. अशा माणसाने गाडी घेतली की तिची सेवापुस्तिका उघडली जाणारच. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांवर आकडे छापलेली नोंदवही. पहिल्या पानावर लिहिलेलं, ‘या नोंदवहीत १ ते १९२ पाने असल्याची खात्री केली.’ खाली हेडक्लार्कांची सही. साक्षीदार म्हणून बायकोची, जिने सही करताना टीव्हीवरची नजर काढली नव्हती.

या पुस्तिकेत प्रत्येक चाकाची वेगळी नोंद होती.

गाडीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की चारही टायर एकदमच बदला आणि अधूनमधून त्यांच्या जागा आपसांत बदलत राहा. हेडक्लार्क ते वाचून हसले होते. एक जण थकला म्हणून चौघांना एकाच दिवशी घरी पाठवायचं? उरलेल्या तिघांचा गुन्हा काय? आणि जागा बदलायच्या म्हणाल तर तीन वर्षं झाल्याशिवाय बदली नाही, हा नियम हाडामांसाच्या माणसांनाही लागू आहे.

त्यामुळे पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासून झिजलं तेव्हा त्याचा टायर एकटाच निवृत्त झाला आणि त्या जागी नवा रुजू झाला. वर्षभराने पुढच्या उजव्याची मुदत संपली. तिथे दुसऱ्याच कंपनीचा टायर आला, कारण तीन दुकानांतून मागवलेल्या दरपत्रकांत तो खाली होता. मागच्या डाव्याला मुदतवाढ मिळाली. मागचं उजवं मात्र सेवेत असतानाच गेलं. रस्त्यातल्या एका सळीने त्याचा टायर उभा फाडला. तेव्हा डिकीत दोन वर्षं निजून असलेल्या स्टेपनीला हेडक्लार्कांनी अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी सामावून घेतलं. स्टेपनी इतरांपेक्षा अरुंद होती, आणि उंचीलाही अंमळ कमी.

‘‘लहान दिसतंय हो ते,’’ बायको म्हणाली होती.

‘‘नोकरीत उंची बघत नाहीत,’’ हेडक्लार्क म्हणाले होते, आणि पान ६१ वर नोंद झाली होती.

वॉरंटी संपायला एकोणीस दिवस उरलेले असताना, त्याच पानाच्या मागे, पान ६२ वर पुढची नोंद पडली, ‘डावीकडे पूर्ण वळताना मागून कण्हल्यासारखा आवाज. प्रथमच.’ दुसरा कोणी असता तर त्याच दुपारी सर्व्हिस सेंटरला गेला असता. पण एका तक्रारीवरून कारवाई होत नसते. हेडक्लार्कांनी समासात शेरा मारला, ‘तीस दिवस निरीक्षणाखाली ठेवावे.’ आणि ठेवलं.

तिसाव्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आवारात वळण घेताना गाडी अडेल जनावरासारखी जागच्या जागी आखडली. मागून एक कर्रकन आवाज आला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि समोरच्या काचेखाली चार चाकांचं एक छोटं पिवळं चित्र उगवलं. हेडक्लार्कांनी निरीक्षणाचा कालावधी पूर्ण झाल्याची नोंद केली आणि मग इंजिन बंद केलं.

सर्व्हिस सेंटरच्या सल्लागार बाई काचेच्या खोलीत बसतात. खोलीतून दुरुस्तीचा विभाग पूर्ण दिसतो आणि आवाज मात्र येत नाही, त्यामुळे आपल्या गाडीचं काय चाललंय ते माणसाला शस्त्रक्रियेसारखं बघता येतं. टोचन लावून ओढत आणलेली हेडक्लार्कांची गाडी लिफ्टवर चढवलेली होती.

‘‘सर, गेलंय,’’ बाई म्हणाल्या.

‘‘काय गेलंय?’’

‘‘मागच्या चाकांना बळ देणारं कपलिंग. पुढच्या-मागच्या चाकांचं जुळवून घेणारा भाग असतो ना, तो पार जळलाय. आख्खं बदलावं लागेल. माल बाहेरून येतो, सहा आठवडे धरा.’’ त्यांनी एका चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठी पुढे सरकवली. हेडक्लार्कांनी आकडा वाचला आणि चिठ्ठी पालथी ठेवली.

‘‘वॉरंटीत आहे,’’ ते म्हणाले.

‘‘होती, सर. अकरा दिवसांपूर्वी.’’

‘‘अकराच दिवस!’’

‘‘काल एक जण एका दिवसासाठी रडून गेले, सर. तुम्ही जरा बऱ्या परिस्थितीत आहात.’’

हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढे आकडा नव्हता, कॅलेंडर होतं. येत्या तिसऱ्या रविवारी सासऱ्यांचा एकोणऐंशीवा वाढदिवस होता. ऐंशीव्याला आपण असू की नाही याची खात्री नसल्याने एकोणऐंशीवाच ऐंशीवा धरून दणक्यात करा, असं सासऱ्यांनी फर्मान काढलं होतं. व्हरांडा भरलेला असणार होता. आणि पहिल्या रांगेत कोण बसणार, ते सांगायला नको.

सल्लागार बाईंना त्यांची दया आली असावी. ‘‘एक वाट आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बिघाड वॉरंटीत असतानाच सुरू झाला होता, असं त्या वेळचं काही लेखी असेल तर कंपनी विचार करते, आणि मंजूर झालं तर माल आपल्या गोदामातून दोन दिवसांत पाठवते. पण ते कोणाकडे नसतं. लोक म्हणतात, आवाज येत होता. आम्ही विचारतो, कधीपासून? म्हणतात, बरेच दिवस. आता बरेच दिवस ही काय तारीख झाली का?’’

हेडक्लार्कांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यभर वाट पाहिलेला प्रश्न शेवटी कोणीतरी विचारला होता.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘तारीख आहे. वेळ आहे. त्या वेळी काचा वर होत्या की खाली, तेसुद्धा आहे.’’

‘‘मग झालंच की! मूळ नोंदवही द्या. झेरॉक्स चालत नाही.’’

‘‘गाडी बघायला कोण येणार?’’

‘‘कोणी नाही. वॉरंटी विभाग दुसऱ्या शहरात आहे. ते गाडी बघत नाहीत, सर. कागद बघतात.’’

परक्या गावात हिंडताना अचानक आपल्या शाखेची पाटी दिसावी, तसं हेडक्लार्कांना झालं.

‘‘फक्त टायरची भानगड नाही ना काही?’’ बाईंनी सहज विचारलं. ‘‘या गाड्यांत चारही टायर एकसारखे लागतात. नसले की कपलिंग जळतं, आणि मग कंपनी हात वर करते.’’

‘‘टायर तर इथेच आहेत. तुम्ही...’’

‘‘मी बघितले नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बघितले तर मला लिहावं लागेल.’’ हे म्हणताना त्या लिफ्टवरच्या गाडीच्या बरोबर विरुद्ध दिशेला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

हेडक्लार्क मात्र मनातल्या मनात पान उलटत होते. ६२ च्या मागे ६१.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे हातपाय वाकवून ती घरी येते, त्यामुळे संध्याकाळी तिच्याकडे सहानुभूती शिल्लक नसते.

‘‘टायर लहान-मोठा असला म्हणून आतलं यंत्र कसं जळेल?’’ हेडक्लार्कांनी तिच्यासमोर प्रकरण ठेवलं. ‘‘हे मला पटत नाही.’’

‘‘एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तीन वर्षं चाललात तर काय जाईल?’’

‘‘चप्पल.’’

‘‘कंबर. रोज येतात माझ्याकडे असे. अहो, लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेऱ्या माराव्या लागणार, मोठ्याला कमी. आणि मधला जो बिचारा दोघांचं जुळवून घेतो, त्याला घडीची उसंत नाही. तो जळणारच. मला विचारा.’’

‘‘यात तुझा काय संबंध?’’

‘‘तेच तर,’’ बायको म्हणाली आणि बहिणीला फोन लावायला आत गेली.

बातमी दोन बहिणींमधून जायची होती, त्यामुळे सात मिनिटं लागली. आठव्या मिनिटाला साडूंचा फोन.

‘‘साडूभाऊ! चारातली दोन गेली म्हणे?’’

‘‘प्रकरण विचाराधीन आहे.’’

‘‘हां, हां. मग वाढदिवसाला माणसं उभी करू?’’

तीन वर्षांची शांतता एका दमात गेली. हेडक्लार्कांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, पण साडूंचा आवाज तिथेही पुरत होता. साडू मनाने वाईट नाहीत, त्यांना फक्त विषय सोडवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच उपाय सुचवला.

‘‘ते टायरचं पान फाडून टाका. सुटलात.’’

‘‘पाठपोट आहे. आवाजाची नोंद त्याच पानाच्या मागे आहे. शिवाय पहिल्या पानावर लिहिलंय, एक ते एकशे ब्याण्णव पानं खात्री केली.’’

‘‘कोणी केली?’’

‘‘मीच.’’

‘‘मग चहा सांडा! अहो, आमच्या ऑफिसात महत्त्वाच्या कागदांवर दुसरं काही सांडतच नाही. एकसष्टवर कप उपडा करा, बासष्ट वाळवून घ्या. वाढदिवसाला राजासारखे वर या. मी स्वतः फाटक उघडतो.’’

फोन ठेवून हेडक्लार्कांनी चहा करून घेतला. टेबलावर नोंदवही उघडली, पान ६१ वर कप धरला आणि वाट पाहिली. हात कापला असता तर काम झालं असतं. पण चारशे बारा लोकांच्या नोंदी शाईचा ठिपका न पाडता लिहिणारा तो हात होता. तो दगडासारखा स्थिर. पानावर स्टेपनीची नोंद त्यांच्या सुंदर अक्षरात पसरली होती: ‘मागील उजवे चाक सेवेत असताना निकामी झाल्याने त्याच्या जागी, अनुकंपा तत्त्वावर.’

बायको दारातून बघत होती. ‘‘सांडताय की पिताय?’’

‘‘वाक्य चांगलं जमलंय गं,’’ हेडक्लार्क म्हणाले.

त्यांनी चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी नोंदवही कापडात बांधून, सोबतपत्रासह सल्लागार बाईंकडे दिली. सोबतपत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘पाने १ ते १९२, कोणताही डाग नाही.’

उत्तर बाराव्या दिवशी आलं. जाड पाकीट, कडेला सरळ रेषेत चिकटवलेलं. हेडक्लार्कांना पाकिटावरूनच कळलं की पलीकडे माणूस आपल्यातला आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि पत्र उभ्याने मोठ्याने वाचलं. असं पत्र बसून वाचत नाहीत.

‘‘एक. दोषाचे प्रथम लक्षण वॉरंटी कालावधीतच दिसून आल्याचे पान ६२ वरून निर्विवाद सिद्ध होते. अशी नोंद या विभागाच्या पाहण्यात प्रथमच आली असून ती सर्व कर्मचाऱ्यांना दाखविण्यात आली आहे.’’

‘‘मंजूर झालं?’’ बायको सोफ्यावरून उठली.

‘‘दोन. तथापि, पान ६१ नुसार मागील उजव्या बाजूस स्टेपनीची नियुक्ती अनुकंपा तत्त्वावर केल्याचे दिसते. अशी नियुक्ती समान संवर्गातच अनुज्ञेय आहे. स्टेपनी हा स्वतंत्र व निव्वळ तात्पुरता संवर्ग असल्याने सदर नियुक्ती मूलतःच नियमबाह्य ठरते. तीन. सबब दावा अमान्य. नोंदवही पाने १ ते १९२ तपासून परत.’’

हेडक्लार्कांनी दुसरा मुद्दा पुन्हा एकदा वाचला.

‘‘बरोबर आहे,’’ हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले. ‘‘तात्पुरता संवर्ग. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये?’’

‘‘अहो, दावा गेला!’’

‘‘गेला. पण लिहिलंय काय! ‘मूलतःच.’ हल्ली कोण वापरतं ‘मूलतःच’?’’

त्यांनी नोंदवही चाळली. पान ४० वर किलोमीटरच्या बेरजेशेजारी कोणीतरी बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तीनने कमी. कृपया पाहावे.’ त्यांनी पाहिलं. तीनने कमीच होती. त्यांनी दुरुस्ती करून छोटी सही केली, आणि त्या अनोळखी माणसाविषयी त्यांच्या मनात जे दाटून आलं ते बायकोसमोर बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मग कॅलेंडरवर नजर गेली. बुधवार होता. चढ रविवारी.

‘‘बसने जाऊ,’’ बायको म्हणाली. ‘‘खालच्या रस्त्यापर्यंत बस आहे. वर पायी.’’

‘‘केक घेऊन? आत्यांना घेऊन? व्हरांड्यासमोरून? पायी?’’

‘‘त्यात काय लाजायचं?’’

‘‘ढकलताना निदान मी गाडीत बसलेला असतो,’’ हेडक्लार्क म्हणाले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकून गाडी टोचन लावून एका मिस्त्रीकडे नेली. त्याच्याकडे काचेची खोली नव्हती. पत्र्याच्या छपराखाली एक खड्डा होता आणि खड्ड्यात मिस्त्री. तो गाडीखाली शिरला, काहीतरी हलवून बघितलं आणि खड्ड्यातूनच निकाल दिला.

‘‘काढून टाकू.’’

‘‘काय काढून टाकू?’’

‘‘शाफ्ट. मागे बळ नेणारं जे काय आहे ते. भोकाला झाकण मारतो. पुढच्या दोन चाकांवर पळेल मस्त.’’

‘‘पण ती ऑल-व्हील ड्राइव्ह आहे.’’

‘‘होती.’’

हे ‘होती’ तीन आठवड्यांत त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं. ‘‘आणि मागच्या चाकांचं काय?’’

मिस्त्रीने खड्ड्यातून डोकं वर काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘‘ती मागून येतील,’’ तो म्हणाला.

दोन तासांत काम झालं. स्टेपनीला तिच्या मूळ पदावर, म्हणजे डिकीत, परत पाठवण्यात आलं आणि मागच्या उजव्या जागी नवा टायर रीतसर रुजू झाला. काढलेला शाफ्ट मिस्त्रीला भंगारात द्यायचा होता, पण जडवस्तूंची विल्हेवाट अशी तोंडी लावता येत नाही, म्हणून हेडक्लार्कांनी तो ताब्यात घेतला. तो डिकीत मावेना. मग मागची अर्धी सीट पाडून, डिकीपासून पुढच्या दोन सीटांच्या मधोमध असा तिरका ठेवला. घरी येऊन त्यांनी पान ६३ वर लिहिलं, ‘मागील दोन चाके पुढील आदेशापर्यंत सक्तीच्या रजेवर. हजेरी लागेल, काम नाही.’

रविवारी सगळे पुन्हा चार वर्षांपूर्वीसारखेच बसले. हेडक्लार्क, शेजारी बायको, मागे उरलेल्या अर्ध्या सीटवर आत्या, आत्यांच्या मांडीवर केक. नवरा-बायकोच्या मध्ये मात्र या खेपेला शाफ्ट होता.

‘‘हे काय आणलंय?’’ आत्यांनी विचारलं. ‘‘तुझ्या बाबांना भेट?’’

‘‘जडवस्तू आहे,’’ हेडक्लार्क म्हणाले.

‘‘ते दिसतंय.’’

चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली आणि वर बघितलं. व्हरांडा गच्च भरला होता. मध्यभागी खुर्चीत सासरे, आणि फाटकाशी, बाह्या वर केलेले, कमरेवर हात ठेवलेले साडू. त्यांच्या शेजारी ओळीने चार माणसं. चारही धडधाकट. चारही उभी.

‘‘केली,’’ हेडक्लार्क म्हणाले. ‘‘माणसं उभी केली त्याने.’’

‘‘अहो, चला.’’

‘‘बघ ना, बाह्यासुद्धा सरसावल्यात.’’

‘‘तुम्ही फक्त ॲक्सिलरेटर दाबा. गिअर ती तिचा बघते. तुमचं काही काम नाही.’’

हेडक्लार्कांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी चढू लागली. मध्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी श्वास धरला, कारण दगड दिसला, तोच तो, आत्यांचा. आत्यांनीही ओळखला. त्यांनी केकची दोरी मनगटाला गुंडाळली. गाडी एक क्षण गुरगुरली, आपल्या आपण खालचा गिअर घेतला आणि चढत राहिली. पुढची दोन चाकं ओढत होती. मागची दोन, मिस्त्री म्हणाला होता तशी, मागून येत होती.

हेडक्लार्कांची मान ताठ झाली. आता वीस पावलं. आता व्हरांड्यातून चेहरे ओळखू येत होते. आता साडूंनी हात वर केला. हेडक्लार्कही उत्तरादाखल हात उचलणार, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

एकदा वाजला. मग लांबलचक वाजला. साडूंचा वर केलेला हात, नीट बघितलं तर, बाजूला व्हा म्हणत होता. हेडक्लार्कांनी गाडी कडेला घेतली. उजवीकडून एक छोटी गाडी घाईघाईने त्यांना मागे टाकून गेली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. साडूंची चारही माणसं तिच्याकडे धावली.

‘‘आलास बाबा एकदाचा!’’ साडू ओरडले. ‘‘साठ माणसं जेवायची आहेत आणि घरात पाण्याचा थेंब नाही! उतरवा रे, उतरवा. अरे साडूभाऊ, तुम्ही पण आलात? या, या. जरा हात लावा इकडे, जार जड आहेत.’’

थोरले जावई किती चाकांवर वर आले, हे व्हरांड्यात कोणी विचारलं नाही. त्यांना येताना कोणी पाहिलंच नव्हतं. सगळे पाण्याची वाट बघत होते.

हेडक्लार्क उतरले. आत्या त्यांच्याआधी उतरल्या होत्या आणि केक हातात धरून पुढच्या गाडीकडे टक लावून बघत होत्या.

‘‘अगं,’’ त्या भाचीला म्हणाल्या, ‘‘ही आपलीच ना गं?’’

गाडी निळी होती. मागच्या डाव्या दाराला बशीएवढा पोचा होता. मागची सीट काढून टाकलेली होती. नंबर हेडक्लार्कांनी वाचायची गरज नव्हती, दहा वर्षं तो त्यांनी प्रत्येक पानाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. तरी त्यांनी वाचला.

‘‘दलालाकडून घेतली का?’’ त्यांनी पाणीवाल्याला विचारलं.

‘‘हो, तीन वर्षं झाली. चांगली गाडी आहे, काका.’’

‘‘हा चढ चढते?’’

‘‘रोज दोन खेपा. वर आणखी चार घरं आहेत ना.’’

हेडक्लार्कांनी एकदा व्हरांड्याकडे बघितलं, एकदा आपल्या गाडीतून डोकावणाऱ्या शाफ्टकडे. मग त्यांनी आवाज खाली आणला.

‘‘कोणत्या गिअरमध्ये?’’

पाणीवाल्याने जार खांद्यावर घेता घेता त्यांच्याकडे बघितलं. ‘‘पहिल्या,’’ तो म्हणाला.

गाडीत वीस लिटरचे चौदा भरलेले जार होते.